आवाज आपल्या हाती

मुलांनो, समजा भाषेचा तास चालू आहे. बाईंनी मोबाइलवर एक गोष्ट लावली आहे. पुढच्या बाकांवरील मुले ऐकून हसतात. पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतच नाही. तेथील मुले एकमेकांना विचारतात, "काय झाले? का हसतात सगळे?" वर्गात मोठा स्पीकर आहे, परंतु नेमकी आज वीज नाही. अशा वेळी विद्युतघटावर चालणारा छोटा स्पीकर असेल तर? तो आपल्याला विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने बनवता येतो. कसा, ते पाहू.

प्रथम स्पीकर आवाज कसा काढतो ते समजून घेऊ. १८२० साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांना दिसले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज वाहणारी तारही चुंबकासारखी वागते. स्पीकरमध्ये एक पक्का चुंबक असतो. त्याच्यामध्ये तारेचे हलके वेटोळे असते आणि ते कागदाच्या शंकूला चिकटवलेले असते. वीज कमीजास्त होते तसे वेटोळे मागेपुढे हलते. त्याबरोबर शंकू हलतो, शंकू हवेला ढकलतो आणि हवेतील कंपने आपल्या कानावर येतात. असा स्पीकर अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

मोबाइलमधून येणारा आवाजाचा विद्युतप्रवाह फार दुबळा असतो. त्याने मोठा शंकू नीट हलत नाही. म्हणून मध्ये वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, लावावा लागतो. 'पॅम ८४०३' नावाची लहानशी चकती असलेली पट्टी या कामाला सोयीची आहे. ती अडीच ते साडेपाच व्होल्टवर चालते. तिला ४ ओहमचा, ३ वॅटचा एक स्पीकर जोडावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरवरील स्पीकरच्या टोकांनाच जोडायच्या. त्यांपैकी एकही तार घटाच्या ऋण टोकाला जोडू नये. जोडल्यास चकती खराब होऊ शकते.

मोबाइलकडून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. आपला स्पीकर एकच आहे. म्हणून प्रत्येक तारेत १ हजार ओहमचा एक रोधक घालून दोन्ही तारा पुढे एकत्र कराव्यात.

आता आवाज कमीजास्त करण्याची कळ. नळाची तोटी फिरवली की पाण्याची धार बारीक किंवा मोठी होते. ही कळही तसेच काम करते. तिच्यात कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर एक पाते सरकते. कळीला तीन पाय असतात. एका कडेच्या पायाला मोबाइलकडून आलेली तार जोडायची. दुसऱ्या कडेचा पाय मोबाइल आणि ॲम्प्लिफायर यांच्या सामाईक, म्हणजे 'ग्राउंड', तारेला जोडायचा. मधल्या पायातून ॲम्प्लिफायरकडे तार न्यायची. १० हजार ओहमची कळ चालते. परंतु ती 'लॉग' प्रकारची घ्यावी. कारण आपला कान मोठा चमत्कारिक आहे! आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट वाढवावी लागते. 'लॉग' कळ कानाच्या या स्वभावाप्रमाणे चालते. त्यामुळे फिरवताना आवाज एकदम अंगावर येत नाही.

येथपर्यंत काम सोपे आहे. खरी काळजी पुढे आहे, ती विद्युतघटाची. आपण लिथियम-आयन घट वापरणार आहोत. असे घट १९९१ साली बाजारात आले. ते ज्यांच्या संशोधनामुळे शक्य झाले, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बोटाएवढ्या घटात पुष्कळ ऊर्जा मावते. म्हणूनच तो जपून हाताळावा लागतो. साधारणपणे त्याचा दाब ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट होतो. त्यापुढे भरत राहिल्यास घट तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो.

म्हणून घट थेट चार्जरला कधीही जोडू नये. मध्ये 'टीपी ४०५६' ही चार्जिंगची पट्टी लावावी. घट रिकामा असताना ती ठरावीक प्रवाह देते. दाब ४.२ व्होल्टवर आला की प्रवाह हळूहळू कमी करते आणि शेवटी बंद करते. हंडा काठाशी आला की आपण तोटी बारीक करतो, तसेच हे आहे. पट्टी घेताना संरक्षण असलेलीच घ्यावी. घट फार रिकामा झाला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर ती वीज तोडते.

पट्टीवरील 'बी' लिहिलेल्या टोकांना घट आणि 'आउट' लिहिलेल्या टोकांना ॲम्प्लिफायर जोडावा. 'आउट'च्या धन टोकाकडून येणाऱ्या तारेत बटण बसवावे. चार्जिंग करताना ते बंद ठेवावे. स्पीकर चालू असेल तर घट भरला की नाही, हे पट्टीला नीट कळत नाही.

ही पट्टी सहसा १ ॲम्पिअर प्रवाह देते. २००० मिलीॲम्पिअर-तासांचा घट त्यावर सुमारे अडीच ते तीन तासांत भरतो. स्पीकरला सरासरी २५० मिलीॲम्पिअर प्रवाह लागला, तर २००० भागिले २५०, म्हणजे तो सुमारे आठ तास चालेल. लहान घटाला मात्र १ ॲम्पिअर प्रवाह जास्त होतो.

काही नियम नेहमी पाळा. घटावर थेट डाख देऊ नका. घटासाठी मिळणारी खोबण वापरा. धन आणि ऋण टोके दोनदा तपासा. चार्जिंग मोठ्या माणसांच्या नजरेसमोर करा. गादीवर, उशीखाली किंवा रात्री झोपताना करू नका. फुगलेला घट टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

शेवटी स्पीकर प्लायवूडच्या खोक्यात बसवा. शंकूच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाच्या उलट असतो. तो खोक्यात अडला नाही, तर दोघे एकमेकांना मारतात. खोक्याबाहेर आणि खोक्यात, असे दोनदा वाजवून पाहा; फरक लगेच कळेल.

आता शेवटच्या बाकावरील मुलगाही गोष्ट ऐकून सर्वांबरोबर हसेल. परंतु शेजारच्या वर्गात परीक्षा चालू असेल, तर कळ मागे फिरवा. घटाला ४.२ व्होल्टवर थांबवण्यासाठी पट्टी आहे. आवाज कोठे थांबवायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.