ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग : केव्हा करावी, काय काय करावे?



घाटंजी गटातील ऊस सलग नाही. कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या मधल्या तुकड्यातुकड्यांत, कुठे वाघाडीकाठी तर कुठे विहिरीच्या पाण्यावर तो उभा आहे. जिल्ह्यातील साखर कारखानदारी रुजली ती पोफाळी, गुंज अशी उमरखेड-महागावच्या अंगाला. त्यामुळे घाटंजीच्या उसाला पल्ला लांबचा. आधी पांदण रस्ता, मग गावरस्ता, मग डांबरी. बेणे उत्तम लावले, खत वेळेवर दिले, पाणी राखून दिले, तरी शेवटी त्या उसाचे माप होते ते ट्रॅक्टर काट्यावर उभा राहील तेव्हाच. म्हणून ऊस विकासाच्या पानावर ट्रॅक्टरचा विषय कशाला, असे कोणी समजू नये. हाही ऊस विकासच होय.

उभ्या ट्रॅक्टरचा खर्च कोणाला?

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. त्यानंतर तो वाळतो, वजन घटते आणि आतल्या साखरेचीही मोड होऊ लागते. उन्हाचा तडाखा असेल तर हे अधिक झपाट्याने होते.

गेल्या हंगामात आमच्या गटात एका सभासदाच्या ट्रॅक्टरचा पंख्याचा पट्टा भर रस्त्यात तुटला. पट्टा किरकोळ किमतीचा. पण तो तुटल्यावरही ड्रायव्हरने "थोडं राहिलं, नेतो आता" म्हणून गाडी तशीच रेटली. इंजिन तापले, हेडचे गॅस्केट गेले आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या दोन दिवस रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. इकडे फडात टोळी बसून. टोळीची मजुरी टनावर. गाडी नाही तर भरणी नाही, भरणी नाही तर कमाई नाही. पुढच्या सभासदाची पाळीही पुढे ढकलली गेली. म्हणजे पट्टा एकाचा तुटला, पण नुकसान चौघांचे झाले.

हिशेबच पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला. ट्रॉलीतला ऊस नुसता दोन क्विंटल वाळला असे धरले तरी ७१० रुपये वाऱ्यावर गेले. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च याच दरातून वजा होतो हे आपण जाणताच. तेव्हा ट्रॅक्टर आपला नसला, भाड्याचा असला, तरी तो धड आहे की नाही हे पाहणे आपल्या हिताचे आहे.

सर्व्हिसिंग केव्हा?

बैलाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारीत नव्हते. श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या सायंकाळी खांद शेकायची, तूप-हळद चोळायची, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे आणि पोळ्याला मानेवर जू ठेवायचे नाही. वर्षभर ज्या खांद्याने ओढले तो खांदा नीट पाहण्याचा दिवस बापजाद्यांनी पंचांगातच बांधून ठेवला होता. ट्रॅक्टरचे पंचांग म्हणजे त्याचे तासाचे मीटर.

पुष्कळ सभासद "वर्षातून एकदा ऑईल बदलतो ना जी" असे सांगतात. ज्याचा ट्रॅक्टर घरच्या नांगरटी-वखरणीपुरता चालतो त्याचे यात कदाचित भागेल. ऊस वाहणाऱ्याचे भागणार नाही. कसे ते पाहा. हंगामात ट्रॅक्टर दिवसाला दहा तास चालला असे धरा. पंचवीस दिवसांत अडीचशे तास होतात. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांना इंजिन ऑईल साधारण अडीचशे तासांनी बदलावे लागते. जुन्या मॉडेलांना त्याहून लवकर. चार महिन्यांचा हंगाम म्हणजे बाराशे तास. अर्थात एका हंगामातच चार-पाच वेळा ऑईल बदलले पाहिजे. वर्षातून एकदा बदलणारा माणूस एकाच ऑईलवर पाच ऑईलांचे काम काढतो आणि ती बचत पुढे बोअर-पिस्टनच्या कामात व्याजासह भरतो.

आपल्या गटात ट्रॅक्टर नाना तऱ्हेचे आहेत. महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जोडीने ट्रॅक्टर काढण्यास आरंभ केला, एचएमटीने १९७१ मध्ये झेटरच्या मदतीने, तर स्वराज १९७४ मध्ये आला. जुन्या बनावटीच्या गाड्या अजून कुठे कुठे दिसतात, आणि शेजारीच कालपरवा घेतलेला नवा ट्रॅक्टर असतो. सर्वांना एकच आकडा लागू नाही. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा तोच प्रमाण मानावा. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून दुसरे मागून घ्यावे.

जुन्या यांत्रिक मीटरची एक गोष्ट लक्षात असू द्या. ते घड्याळाप्रमाणे चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते. मंद गतीने इंजिन तासभर घुरघुरत राहिले तर मीटरवर पुरा तास चढत नाही. आणि मीटरच बंद असेल तर? तर डिझेलचा हिशेब ठेवा. ओढकामात तासाला चार लिटर धरले तर हजार लिटर डिझेल म्हणजे अडीचशे तास. आपल्या गाडीचा खप वेगळा असेल तर त्याप्रमाणे आकडा बदलावा. डिझेलच्या पावत्या एका तारेत ओवून ठेवल्या तरी काम भागते.

आता मोठी सर्व्हिसिंग. तिच्यासाठी पोळा ते दसरा हे सुमारे चाळीस दिवस सर्वांत सोयीचे. खरिपाची डवरणी आटोपलेली असते, टोळ्या अजून यायच्या असतात आणि मिस्त्रीही मोकळा असतो. दिवाळीच्या तोंडावर गेलो तर त्याच्या दारात दहा ट्रॅक्टर उभे. तो घाईत काम करणार आणि आपण घाईत नेणार. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतोच. हार घालण्याआधी त्याचे पोट साफ झालेले असावे, एवढेच आमचे म्हणणे.

थोडक्यात नियम असा. हंगामापूर्वी एक मोठी सर्व्हिसिंग. हंगामात तासांप्रमाणे ऑईल-फिल्टर. हंगाम संपल्यावर एकदा धुणे, ग्रीस आणि तपासणी. आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑईल बदलायचेच, कारण उभ्या गाडीतले ऑईलही जुने होते.

त्यात काय काय करावे?

एअर क्लीनर : आमच्या मते पहिला मान याला. पांदणीची धूळ हा ट्रॅक्टरचा मोठा वैरी. ऑईल-बाथचा क्लीनर असेल तर खालची वाटी हंगामात रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ बसला असेल तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे ऑईल भरावे. खुणेच्या वर भरू नये. कोरड्या फिल्टरला हाताने हलके ठोकावे, दगडावर आपटू नये. क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेली असेल तर फिल्टर असून नसल्यासारखा. ही नळी हाताने दाबून, वाकवून पाहावी.

इंजिन ऑईल व फिल्टर : दोन्ही एकाच वेळी बदलावेत. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना जुने ऑईल काढावे म्हणजे गाळ बरोबर निघतो. "ऑईल काळे झाले म्हणजे खराब झाले" हा समज मात्र सोडून द्यावा. डिझेल इंजिनात नवे ऑईलही थोड्याच तासांत काळे होते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. भ्यायचे ते ऑईल दुधाळ दिसले तर, कारण त्यात पाणी शिरलेले असते. किंवा पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर. अशा वेळी गाडी चालवू नये, मिस्त्रीला दाखवावी.

डिझेल फिल्टर : तळाचे पाणी नियमाने सोडावे. फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या तासांवर बदलावेत व नंतर लाईनमधली हवा काढावी. टाकी सायंकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत थंडीच्या रात्री ओल धरते आणि ते पाणी पंपाकडे जाते.

रेडिएटर व पट्टा : उसाच्या फडात पाचटाचा भुगा रेडिएटरच्या जाळीत बसतो. जाळी आतून बाहेर अशी साफ करावी. पट्ट्याला तडे असतील तर बदलावा व एक जादा पट्टा पेटीत ठेवावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये व तापलेले झाकण उघडू नये.

क्लच व ब्रेक : क्लचच्या पॅडलचा मोकळा खेळ पुस्तकाप्रमाणे ठेवावा. डाव्या-उजव्या ब्रेकचा खेळ सारखा असावा. आणि रस्त्यावर दोन्ही पॅडल कडीने जोडलेलेच असावेत. शेतात वळण घेताना सोडलेली कडी लावायची राहिली आणि भरल्या ट्रॉलीसह एकच चाक धरले गेले, तर काय होते ते सांगण्याची गरज नाही.

ग्रीस, स्टिअरिंग, बॅटरी : पुढच्या चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे जोड, चाकांचे नट पाहावेत. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, टर्मिनलवरचा बुरा धुऊन पेट्रोलियम जेली लावावी. गिअर बॉक्स व हायड्रॉलिकचे ऑईल रोजचे काम नव्हे, पण मोठ्या सर्व्हिसिंगला त्याची पातळी व उरलेले तास बघावेतच.

ट्रॉलीही गाडीच आहे

सर्व्हिसिंग म्हटले की ट्रॅक्टर गॅरेजमध्ये जातो आणि ट्रॉली गोठ्याजवळ उभी राहते. हे बरोबर नव्हे. सगळा भार तिच्यावर असतो. हुकाचा डोळा झिजला आहे काय, पिन वाकली आहे काय, पिनेला खालून खिट्टी आहे काय, जादा साखळी लावली आहे काय, हे पाहावे. चाकांच्या बेअरिंगमध्ये हंगामापूर्वी ग्रीस भरावे. पाट्यांचे यू-बोल्ट कसावेत. मागचा दिवा पेटतो का ते रात्री एकदा लावून पाहावे. मागे लाल परावर्तक पट्टी ठसठशीत असावी. जुनी चिखलाने मळलेली असेल तर पुसावी, फाटली असेल तर नवी लावावी. रात्री उसाची बंद पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. तो मोटारसायकलवाला बहुधा आपल्याच गावचा असतो.

काय करू नये?

चांगल्या सर्व्हिसिंगमध्ये नको ते काम टाळणे हेही येते. गाडी एका हाकेत सुरू होते, धूर नाही, ओढ चांगली आहे, तर पंप खोलण्याचे कारण नाही. डिझेल पंपाचे सील तोडून "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. त्याने डिझेल जास्त जळते, इंजिन तापते व आयुष्य घटते. उलट काळा धूर सतत येतो, ऑईल कमी होते, सकाळी गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नाही, अशी लक्षणे असतील तर नॉझल, व्हॉल्व्ह, बोअर यांची तपासणी दसऱ्याआधीच करून घ्यावी. हंगामाच्या मध्यात इंजिन खोलण्याची पाळी येऊ देऊ नये.

मिस्त्रीकडे जाताना कामाची यादी लिहून न्यावी. काय बदलणार व किती लागतील हे आधी विचारावे. बदललेले जुने सुटे भाग परत मागावेत. त्यात संशयाचा भाग नाही, व्यवहाराचा आहे. पुढचे ऑईल किती तासांवर ते मडगार्डच्या आतल्या बाजूस ऑईलपेंटने लिहावे, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी आकडा बदलत नाही. काढलेले ऑईल नाल्यात वा पाटात ओतू नये. डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

ड्रायव्हरला दहा मिनिटे द्या

मालक गावात आणि गाडी रस्त्यावर, अशी आपली रीत. तेव्हा सर्व्हिसिंग जितकी मिस्त्रीच्या हाती, तितकीच ड्रायव्हरच्या. सकाळी सुरू करण्याआधी ऑईल, पाणी, एअर क्लीनर, चाकांची हवा, ब्रेक आणि हुकाची पिन एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात. ग्रीस गन गाडीतच असावी. काट्यावर नंबर लागेपर्यंत जो वेळ जातो त्यात इंजिन बंद करून ग्रीस मारता येते. मात्र त्याने "आवाज येतो मालक" असे सांगितले तर "चालव अजून दोन खेपा" असे म्हणू नये. असे एकदा म्हटले की तो पुन्हा सांगत नाही.

घरातील तरुण मुलाला आवड असेल तर त्याला रीतसर शिकू द्यावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते व चालविणे, निगा व दुरुस्ती यांचे प्रशिक्षणही देते. गावात एक जरी हात असा तयार झाला तरी दहा ट्रॅक्टरांचे कल्याण होईल.

तरी गटातील सर्व वाहनधारक सभासदांना विनंती की, पोळा झाला की ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंची तपासणी करून घ्यावी आणि दसऱ्यापर्यंत काम पुरे करावे. ज्यांचा ऊस भाड्याच्या वाहनाने जातो त्यांनी करार करतानाच ब्रेक, हूक, मागचा दिवा व परावर्तक पट्टी स्वतः पाहावी. आम्ही प्लॉटच्या नोंदीसाठी गावात येऊ तेव्हा आपल्या गाडीचे तास आम्हालाही दाखवावेत. नोंदवहीत उसाच्या लागवडीच्या तारखेशेजारी तोही आकडा लिहून घेऊ.

— ऊस विकास अधिकारी, घाटंजी गट