जाहीर झालेला कोटी आणि कायद्याचा हक्क

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. एअर इंडियाने पंचवीस लाखांची अंतरिम रक्कम देऊ केली. पण कोटी ही समूहाने आपणहून दिलेली मदत आहे आणि पंचवीस लाख अंतिम भरपाईतून वळते होणार आहेत. वारसांचा हक्क याहून वेगळा आहे.

तो येतो १९९९च्या माँट्रियल करारातून. भारत २००९ साली त्यात सामील झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू झाला तर १,५१,८८० एसडीआरपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन-दोन कोटींपर्यंत, विमान कंपनीला ‘आमची चूक नव्हती’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यापुढच्या रकमेसाठीही आपली हयगय नव्हती हे कंपनीनेच सिद्ध करायचं. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक; रुपयातली किंमत बदलत राहते.

मात्र एवढी रक्कम आपोआप हातात पडते, असं नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळलं, १५८ जण गेले. करारातली रक्कम किमान म्हणून सर्वांना द्या, असं केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०११मध्ये सांगितलं. खंडपीठाने ते फिरवलं. जेवढं नुकसान सिद्ध कराल तेवढीच भरपाई! त्याच अपघातात गेलेल्या, आखातात नोकरी करणाऱ्या ४५ वर्षांच्या एका गृहस्थाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ७.६४ कोटी मंजूर केले. ग्राहक आयोगाने पगारातला काही भाग उत्पन्नातून वगळला होता. मालक पगाराची विभागणी कोणत्याही कारणाने करील, त्यापायी वारसांचं नुकसान का, असं म्हणत न्यायालयाने तो भाग परत धरला. निकाल यायला पावणेदहा वर्षं लागली.

उत्पन्नावर बेतलेल्या या हिशेबात गृहिणी, विद्यार्थी, तान्ही मुलं मागे पडतात. मला हे अन्यायाचं वाटतं. कायदा बदलेपर्यंत कुटुंबाने करायचं ते एवढंच: पगारपत्रकं, प्राप्तिकराची विवरणं, मुलाच्या प्रवेशाची कागदपत्रं, वारसाचा दाखला जपून ठेवायचा आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. तातडीचे पैसे घेतल्याने हक्क जात नाही. अशा सहीने जाऊ शकतो.

अहमदाबादला विमान ज्यावर कोसळलं त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि आसपास जमिनीवर जे गेले, त्यांना मात्र हा करार लागू नाही. त्यांच्या कुटुंबांना हयगयीच्या साध्या कायद्यानेच दाद मागावी लागणार. प्रवाशांच्या वारसांसाठी करारात दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे, विमान पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून. अहमदाबादच्या कुटुंबांसाठी ती १२ जून २०२७च्या सुमारास संपते.