दहा राग, तीन यंत्रे आणि एक विस्मृत तबकडी

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ साली एचएमव्हीच्या मुद्रेखाली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. वादक होते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदातून वाजवणारे चरणजित सिंग. ती फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. पुढे २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक जुनी प्रत मिळाली. त्याच्याच ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने २०१० मध्ये ती व्हिनाइल तबकडीवर पुन्हा प्रसिद्ध केली. आज जगाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात तिचा उल्लेख टाळता येत नाही. मधल्या २८ वर्षांत संगीतात एका स्वराचाही फरक पडलेला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे कान. पुनर्प्रकाशन नेमके काय साधते, हे या उदाहरणातून चांगले कळते.

चरणजित सिंग गिटार, बास गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. ‘दम मारो दम’ या १९७१ च्या गाण्यातील इलेक्ट्रॉनिक कळवाद्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या काळच्या वादकांना प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ठरलेला मोबदला मिळे. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव सहसा नसे. गोमंतकीय वाचकांना हे नव्याने सांगायला नको. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यमेळाची घडण दिली. तरी श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः संगीतकार आणि गायकांची नावे.

‘टेन रागाज’ मात्र सिंग यांची स्वतःची होती. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली. टीआर-८०८ हे तालयंत्र ठेका देई. टीबी-३०३ हे चिमुकले यंत्र खर्जाची सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राही. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर सिंग हाताने राग वाजवत. टीबी-३०३ बनवले गेले ते सरावाच्या वेळी बास गिटारवादकाची जागा भरून काढण्यासाठी. त्या कामात ते फिके पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेली ही यंत्रे शिकागोतील तरुणांच्या हाती लागली. त्यांनी यंत्राच्या कळा मुद्दाम टोकापर्यंत फिरवून त्यातून चिरका, पिळवटलेला आवाज काढला. ‘फ्यूचर’ या गटाची १९८७ ची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी त्यातूनच जन्मली आणि ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार रूढ झाला.

सिंग यांनी हाच यंत्रसंच पाच वर्षे आधी वापरला होता. म्हणून ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ अशी वाक्ये २०१० नंतर लिहिली गेली. ती आकर्षक असली तरी दिशाभूल करतात. शिकागोच्या कलावंतांनी ही तबकडी ऐकली होती, असे दिसत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे प्रभाव गेला असे इथे घडले नाही. दोन दूरच्या ठिकाणी एकाच यंत्राने समान शक्यता उघड केल्या, इतकेच.

मग ही शक्यता रागसंगीताच्या वाटेने इतक्या लवकर का सापडावी? याचे उत्तर रागाच्या रचनेत आहे. पाश्चात्त्य सुगम संगीत स्वरसंघ बदलत पुढे सरकते. रागात षड्ज अढळ असतो; तंबोरा तोच आधार सतत देत राहतो आणि सारी हालचाल त्या स्थिर स्वराभोवती होते. एकच खर्ज-आकृती न थकता वाजवणाऱ्या यंत्राला हा आराखडा आयताच जुळतो. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. ललत, मधुवंती, मालकंस, बैरागी असे राग सुमारे पाच-पाच मिनिटांत मांडताना सिंग यांनी आवर्तन आणि आधारस्वर हे दोन धागे सोडले नाहीत. पुढे टेक्नो संगीताने हेच दोन धागे पकडले. ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’मधून मांडलेली संथ, वातावरण घडवणारी शैली टेक्नोच्या ठेक्याला मिळाली, तेव्हा ‘ॲम्बियंट टेक्नो’ हा प्रवाह आकाराला आला. एफेक्स ट्विनचा १९९२ चा ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२’ हा त्याचा ठळक नमुना. अशा संगीताची सवय झालेल्या श्रोत्याला २०१० मध्ये ‘टेन रागाज’ परकी वाटली नाही, यात नवल नाही.

१९८२ मध्ये मात्र तिला घर नव्हते. हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागाचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. तिथे त्यागराय गानसभेचे सभागृह आहे आणि जवळच आरटीसी चौकातील चित्रपटगृहे. हिंदुस्थानी पद्धतीतला मालकंस कर्नाटक पद्धतीत हिंदोळम् होतो, भूपाळी मोहनम् होते. आणि हे स्वर सभागृहात जसे घुमतात तसेच चित्रपटातील गाण्यांतही डोकावतात. म्हणजे राग दोन्हीकडे तेच. पण सभेच्या श्रोत्याला विस्तार हवा, चित्रपटाच्या श्रोत्याला शब्द आणि गळा. सिंग यांच्या तबकडीत यांतले काहीच नव्हते. ‘कुर्बानी’ आणि ‘डिस्को दीवाने’नंतर डिस्कोची लाट जोरात होती, परंतु त्या लाटेलाही गायक लागत होता.

पुनर्प्रकाशन म्हणजे जुन्या तबकडीची निव्वळ नक्कल नव्हे. आधी मूळ फीत शोधावी लागते. ती नसेल तर चांगल्या अवस्थेतील तबकडीवरून ध्वनी उतरवून खरखर काढावी लागते. नंतर ध्वनी नव्याने खाचेत कोरला जातो, त्यावरून धातूचा साचा तयार होतो आणि साच्यात व्हिनाइल दाबून प्रती निघतात. खर्ज जितका भारी, तितकी खाच रुंद. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना तो यंत्राकडून पूर्ववत वाढवला जातो. बारा इंची तबकडीची एक बाजू साधारण २० मिनिटांच्या आत राहिली तर आवाज भरदार उमटतो. ‘टेन रागाज’सारखे सुमारे ५० मिनिटांचे संगीत एकाच तबकडीत बसवायचे तर खाचा अरुंद कराव्या लागतात आणि जोर घटतो.

त्यानंतर प्रश्न हक्कांचा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९८२ च्या मुद्रिकेवर २०४२ अखेरपर्यंत हक्क राहतो. कंपनीच्या संमतीशिवाय ती पुन्हा काढता येत नाही. आणि कंपनीने मनावर घेतले नाही तर ती कपाटातच राहते.

जतनाची दुसरी वाट अहमदाबादेत दिसते. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तिथे केलेल्या प्रयोगांच्या फिती संस्थेच्या संग्रहात टिकल्या. म्हणूनच २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना जगापुढे आल्या. एकीकडे संस्थेने जपले, दुसरीकडे योगायोगाने वाचवले.

गोव्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. हणजुणेच्या किनाऱ्यावर पुढे ‘गोवा ट्रान्स’ म्हणून गाजलेल्या संगीतात टीबी-३०३ चा तोच आवाज घुमला. तिथले वादक तबकड्यांऐवजी फिती वापरत, कारण उन्हाच्या तापाने व्हिनाइल वाकते. घराघरांतील कोंकणी गाण्यांच्या आणि तियात्राच्या जुन्या तबकड्यांनाही तोच धोका आहे. त्या उभ्या, सावलीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. वेष्टन फेकू नये आणि तबकडीच्या मधल्या भागावर कोरलेला क्रमांक नोंदवून ठेवावा. मुद्रण ओळखताना तो उपयोगी पडतो. वेष्टनावर नसलेली वादकांची नावे ज्येष्ठांना विचारून आजच लिहून काढावीत.

चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. तत्पूर्वी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना युरोपातील रंगमंचांवर हेच राग वाजवता आले आणि आपल्या नावाने दाद घेता आली. ती वेळेत पोहोचली, कारण दिल्लीत कोणीतरी एक प्रत रद्दीत घातली नव्हती.