घरपट्टीची भांडवली मूल्याधारित आकारणी आणि ग्रामसभेचे स्थान : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता येत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३-ज अन्वये पंचायतींना कर आकारण्याचा अधिकार देण्याची मुभा राज्य विधिमंडळास आहे. घरपट्टी हे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे प्रमुख साधन होय. तथापि कर कायदेशीर असणे आणि तो लोकसंमतीने लागू होणे या दोन भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार केला आहे.

आकारणीतील बदल :
ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायत इमारती व जमिनींवर कर बसविते. मात्र किमान व कमाल दर राज्य शासन ठरविते. पूर्वीची क्षेत्रफळावर आधारित आकारणी उच्च न्यायालयाने अवैध ठरविल्यानंतर शासनाने ३१ डिसेंबर २०१५ रोजी सुधारित नियम अधिसूचित केले. त्यानुसार जमिनीचा वार्षिक मूल्य दर, बांधकामाचा दर, घसारा व वापरानुसार भारांक यांवरून मालमत्तेचे भांडवली मूल्य काढून त्यावर कर आकारला जातो. तत्त्वतः ही पद्धत अधिक न्याय्य आहे, कारण समान क्षेत्रफळाच्या परंतु असमान मूल्याच्या घरांना ती एकाच मापाने मोजत नाही.

टीकेचे मुद्दे :
पहिला मुद्दा प्रक्रियेचा आहे. सूत्र राज्यस्तरावर निश्चित होते. गावात हरकती मागविल्या जातात तेव्हा घराचे मोजमाप वा वर्गवारी यांवरच वाद घालता येतो, पद्धतीवर नाही. पंचायत समितीकडे अपिलाची तरतूद असली तरी नमुना ८ मधील नोंदीमागील गणित समजल्याशिवाय ती निरुपयोगी ठरते.

दुसरा मुद्दा करदानक्षमतेचा आहे. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापूस उत्पादक जिल्ह्यात घराचे मूल्य आणि कुटुंबाचे उत्पन्न यांची सांगड असतेच असे नाही. घरकुल योजनेतून कुडामातीच्या घराऐवजी पक्के घर उभे राहिले की बांधकामाचा वर्ग बदलतो, नवे असल्याने घसाराही मिळत नाही; उत्पन्न मात्र पूर्वीइतकेच राहते. जे अनुदान गरिबीच्या निकषावर मिळाले, तेच अशा रीतीने वाढीव कराचे कारण होते.

तिसरा मुद्दा राजकीय हक्काचा आहे. कलम १४ नुसार मागणीपत्रानंतर तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरू शकते. म्हणजेच थकबाकी ही केवळ आर्थिक बाब उरत नाही.

जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, राळेगाव व घाटंजी या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष स्थान दिले आहे. अशा गावांत ग्रामसभेपुढे सविस्तर चर्चा न होता करवाढ झाल्यास विसंगती अधिकच ठळक होते.

ऐतिहासिक संदर्भ :
हा प्रश्न नवा नाही. मुंबईत आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातील वाढता खर्च व करभार यांविरुद्ध १८७१ मध्ये करदात्यांनी आवाज उठविला. त्यानंतरच्या १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांच्या महानगरपालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडण्याची तरतूद झाली. करविरोधातून तेथे प्रतिनिधित्वाचा विस्तार झाला. आज गावात प्रतिनिधित्व आहे. उणीव आहे ती विचारविनिमयाची.

समारोप :
घरपट्टीस सरसकट विरोध करणे म्हणजे ग्रामपंचायतीस शासकीय निधीवर अवलंबून ठेवणे होय. दिवाबत्ती, स्वच्छता व पाणीपुरवठा यांसाठी स्वउत्पन्न आवश्यकच आहे. म्हणून आकारणीपूर्वी सूत्राचे ग्रामसभेत जाहीर वाचन, प्रत्येक कुटुंबास गणिताचा तपशील आणि घरकुल लाभार्थ्यांसाठी काही वर्षांची सवलत हे उपाय विचारात घ्यावे लागतील. कराचा हिशेब ज्याला समजतो, तोच त्याच्या खर्चाचा हिशेब मागू शकतो. स्थानिक स्वराज्याचा अर्थ या दोन्ही हिशेबांत सामावलेला आहे.