रिकामे काडतूस आणि हातप्रेस

बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, ठिणगी देणारी टोपी फुटते. मागे उरते ती पितळेची नळी. नव्या काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा या नळीचाच असतो आणि नेमकी तीच शाबूत राहते. मग ती फेकायची कशाला? या काटकसरी प्रश्नातून घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत मूळ धरून बसला. तिथे कुणाच्या गॅरेजमध्ये शिवणयंत्रासारखा एक हातप्रेस टेबलाला बोल्टने आवळलेला दिसला, तर कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे तो आणता येईल का, याचे उत्तर एका शब्दात देता येते. पण त्या शब्दामागचे कारण समजायला आधी यंत्र समजून घ्यावे लागते.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. पालघरच्या किनाऱ्यावर माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही त्यांची ठाणी. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतले. त्या चढाईत बाजी भिवराव गोळी लागून पडले. त्या काळी बंदूक भरणे म्हणजे नळीत दारू ओतून वरून गोळी ठासणे. काडतूस मुळात एवढीच सोय होती, की मापलेली दारू आणि गोळी एका कागदी पुडीत मिळावी. पुडी दाताने फोडावी लागे. १८५७ मध्ये त्या दातांवरून काय पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे कागदाच्या जागी धातूची नळी आली आणि तेव्हाच ती पुन्हा भरता येईल ही कल्पनाही आली.

बोईसरच्या एखाद्या शेडमध्ये पंच आणि डाय पाहिलेल्या माणसाला हा प्रेस समजावून सांगण्याची गरजच नाही. लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर आट्यांनी बसवलेली पोलादी डाय, खाली दट्ट्या, बाजूला लांब दांडा. नळी दट्ट्यावरच्या खाचेत बसवायची आणि दांडा खाली ओढायचा. दट्ट्या वर चढून नळीला डायमध्ये ढकलतो. हे बळ लागते कारण बार होताना पितळ फुगून बंदुकीच्या कोठ्याला चिकटते आणि नंतर पूर्ण मापावर येत नाही. डाय त्याला दाबून पुन्हा मापात आणते आणि त्याच ओढीत मधली सुई जुनी टोपी बाहेर पाडते. नळीला आधी वंगण लावले नाही, तर ती डायमध्ये अशी अडकते की काढताना घाम फुटतो. मग नवी टोपी, मग तोललेली दारू, शेवटी दुसऱ्या डायखाली गोळी. दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. सोनाराच्या तराजूचेच काम.

प्रेस तीन तऱ्हांचे. पहिल्यात एका वेळी एकच डाय बसते. पन्नास नळ्यांचे एक काम उरकायचे, मग डाय बदलून दुसरे. दुसऱ्यात डायांचे फिरते डोके असते. तिसऱ्यात नळ्याच एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर सरकतात आणि दांड्याच्या दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडते. वेगाचा मोह तिसऱ्याचा, पण शिकणाऱ्याने पहिलाच घ्यावा असे मला वाटते. पन्नास नळ्या ट्रेमध्ये उभ्या करून दिव्याखाली वाकून पाहता येते, प्रत्येकीत दारू सारख्याच उंचीवर आहे की नाही. पिस्तुलाच्या पुष्कळ काडतुसांत दारूचे माप इतके थोडे असते की चुकून दोनदा पडले तरी ती ओसंडत नाही. बाहेरून काही कळत नाही. कळते ते हातातली बंदूक फुटल्यावर. छऱ्याच्या बारा बोअरला तर निराळाच प्रेस लागतो, कारण त्या काडतुसाचे तोंड घडी घालून बंद करावे लागते.

सगळ्याच नळ्या भरता येतात असेही नाही. बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखलेल्या नळीच्या बुडाला मधोमध एक भोक असते, त्यातून सुई सरळ जाते. बर्डन या अमेरिकनाच्या नळीला दोन बारीक भोके, तीही कडेला. तिथे सुईचे काही चालत नाही. गंमत अशी, की बॉक्सरची नळी अमेरिकेने उचलली आणि बर्डनची युरोपने. अमेरिकेत हा छंद फोफावला त्यात या अदलाबदलीचा हात आहे. आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ज्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्यात कांस्य मिळवले, त्या ५० मीटर रायफलचे पॉइंट बावीसचे काडतूस तर प्रेसच्या कक्षेतच येत नाही. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याने ती कड चेपली की नळीचे आयुष्य संपले.

आता कायदा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पुढे कोळगावात जिल्हा मुख्यालय उभे राहिले. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्या परवान्याने बंदूक बाळगता येते, काडतुसे विकत घेता येतात. बनवता येत नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याची व्याख्या करताना त्याचे सुटे भाग तर घेतलेच, पण तो बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यातच घातली. म्हणजे टेबलाला आवळलेला प्रेस, एकही काडतूस न भरता, कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा. कलम ४५ किरकोळ सुट्या भागांना सूट देते, पण ते जोडीच्या भागांसह वापरायचा हेतू नसेल तरच. आजोबांच्या शिकारीची रिकामी नळी शोकेसमध्ये असली तर बिघडत नाही. तिच्याशेजारी टोप्या, दारू आणि प्रेस आला की हेतू वेगळा सांगावा लागत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. नेमबाजांना हे जाचक वाटते, आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. सरावाचा मोठा खर्च गोळ्यांचाच असतो. तरी दाट वस्तीतल्या घरात दारूचे डबे नकोत, हे तारापूरच्या कारखान्यांतले स्फोट ऐकलेल्या माणसाला पटवावे लागत नाही.

म्हणून महाराष्ट्रात हे प्रेस दिसतात ते सरकारी कारखान्यांत. १८६९ पासून खडकीला आणि १९६४ पासून जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. तिथे दांडा ओढायला माणूस लागत नाही.

कोकणात पीकरक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याकडे मात्र अजून ठासणीची बंदूक सापडते. डुकरे भातात शिरू लागली की तो मापाने दारू ओततो, छरे सोडतो, गजाने ठासतो आणि केप चढवतो. त्याला रिकामी नळी उरत नाही आणि प्रेसही लागत नाही.