टोपलीतल्या नागाला दूध नको, पाणी हवं

श्रावण जवळ आला की आमच्या बैठकांमध्ये हप्ते जमा झाले, वही भरली की गप्पा पंचमीवर येतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, मग येणाऱ्या रविवारी कानबाईचे रोट. आणि दारात टोपलीवाला आला तर नागाला दूध द्यायचं की नाही, यावर दरवर्षी दोन तट पडतात. "नाग तं दूध पेस ना वं माय, आम्ही डोयानी देखेल शे," असं एखादी आजी ठासून सांगतेच. आजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेलं खरं आहे, पण त्यामागचं कारण वेगळं आहे. आज आपण सापाची तहान आणि सापाची कात या दोन गोष्टी समजून घेऊ, कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

साप दुधाचा प्राणी नाही. तो पिल्लांना दूध पाजत नाही, त्यामुळे दूध पचवायची सोयही त्याच्या पोटात नाही. त्याला लागतं ते पाणी. बरंचसं पाणी त्याला उंदीर, बेडूक, पाली अशा भक्ष्यातूनच मिळतं, उरलेलं तो डबक्यात जबडा टेकवून हळूहळू ओढून घेतो. जीभ तो पाण्यासाठी वापरत नाही, जिभेनं तो वास घेतो. पाण्याच्या बाबतीत तो फार काटकसरी आहे. त्याची लघवी आपल्यासारखी पातळ नसते, पांढरी, खडूसारखी असते. कोठीच्या कोपऱ्यात असा पांढरा खडा काळपट विष्ठेला चिकटलेला दिसतो. पालीचंही तसंच असतं, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नका.

मग टोपलीतला नाग दूध का पितो? कारण पंचमीच्या आधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंबही दिलेला नसतो. तहानेनं जीव कासावीस झाला की समोर वाटीत जे ओलं येईल त्यात तो तोंड घालतो. शिवाय त्याचे दात उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. ते दूध पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत शिरतं, फुप्फुसं बिघडतात आणि नाग काही दिवसांनी मरतो. आपल्याला ते दिसत नाही, कारण तोवर टोपली पुढच्या गावी गेलेली असते. फण्यावर हळद-कुंकू टाकतो तेही डोळ्यांवर जातं, आणि सापाला पापण्याच नाहीत. डोळा मिटून घेण्याची सोय त्याला देवानं दिलेली नाही.

पापणीऐवजी त्याच्या डोळ्यावर काचेसारखं एक पारदर्शक खवलं असतं. कात टाकताना ते खवलंही कातीबरोबर निघून येतं. तुम्हाला कधी अख्खी कात सापडली तर तोंडाकडे नीट बघा, डोळ्यांच्या जागी दोन गोल टिकल्या दिसतील. कात उलटी असते, घाईत काढलेल्या पायमोज्यासारखी. ती ताणली जाते म्हणून मूळ सापापेक्षा लांब भरते. त्यामुळे "हातभर कात, म्हणजे हातभर साप" हा हिशोब चुकतो.

कात पडते कशी, हे ऐकण्यासारखं आहे. जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार होते आणि दोन्हींच्या मध्ये पातळसा द्रव साठतो. तेव्हा सापाचा रंग मळकट होतो, डोळे निळसर-पांढरे दिसतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो ओलसर, अंधाऱ्या जागी दडून बसतो आणि चटकन चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग तो दगडावर, झाडाच्या सालीवर नाक घासतो, ओठांपाशी कात फाटते आणि तो पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडतो. अंगात पाणी पुरेसं असलं, जागा दमट असली, तर कात एकसंध निघते. पाणी कमी पडलं तर ती तुकड्या-तुकड्यानं निघते. डोळ्यावरची टिकली अडकून राहते, शेपटीच्या टोकाला कातीचं कडं आवळतं आणि तेवढा भाग रक्ताविना वाळून जातो. पिल्लांना हा त्रास जास्त, कारण ती भराभर वाढतात, म्हणून वरचेवर कात टाकतात, आणि इवल्याशा अंगातलं पाणी लवकर आटतं.

इथं आमच्या यावलकडच्या एका गटातली गोष्ट सांगायला हवी. एका ताईंच्या आठवीतल्या मुलाला पहिल्या पावसात पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली वीतभर साप सापडला. काळपट अंग, त्यावर पांढरट पट्टे. "हा कवड्या, बिनविषारी," असं म्हणून त्यानं तो प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली आणि कापसाचा बोळा दुधात भिजवून आत टाकला. आठवड्यानं सापाचे डोळे धुरकट झाले, कातडी पापुद्र्यांसारखी सुटू लागली. मुलाला वाटलं, तो आजारी पडला. तो चिमट्यानं पापुद्रे ओढणार होता, तेवढ्यात आईनं पाहिलं आणि आम्हाला फोन आला.

आम्ही सर्पमित्राला बोलावलं. साप कवड्याच निघाला. पण मैत्रिणींनो, मण्यारही तशीच काळी आणि पट्ट्यांची असते. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे दाट असतात, कवड्याचे मानेकडे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पिल्लांमध्ये हा फरक भल्याभल्यांना लवकर कळत नाही. आणि मण्यारीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विष घेऊन. मुलाचा हात दिवसातून चार वेळा त्या बरणीत जात होता, हे आठवलं की आजही आमच्या अंगावर काटा येतो.

सर्पमित्रानं कातीला हात लावला नाही. वन खात्याला कळवलं, सापाला हवेशीर डब्यात ठेवलं, तळाला ओलं गोणपाट आणि बाजूला उथळ झाकणात साधं पाणी. साप आधी पाणी प्यायला, मग गोणपाटाच्या घडीत शिरला. दुसऱ्या दिवशी उरलेली कात त्या खरखरीत कापडावर घासून त्यानं स्वतःच काढली. मग त्याला शेताच्या बांधावर सोडलं. औषध नाही, दूध नाही. ओलावा आणि घासायला जागा, एवढंच लागलं. हे आम्ही तुम्ही करून बघावं म्हणून सांगत नाही. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. शहरात कोणी परदेशी अजगर पाळतात, त्यांनाही आता सरकारकडे नोंद करावी लागते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला पंचमीला जिवंत नाग धरण्याची जुनी प्रथा होती, तिलाही उच्च न्यायालयानं आळा घातला.

मांडुळाचंही सांगून टाकतो. "दोन तोंडांचा साप घरात ठेवा, लाखो रुपये येतील" असं सांगणारे लोक खेड्यापाड्यांत फिरतात. मांडुळाला तोंड एकच असतं, शेपटी बोथट असते म्हणून तसं वाटतं. मडक्यात कोंडलेलं मांडूळ सुकून मरतं आणि घरातला माणूस तुरुंगात जातो. बचतीचे पैसे यात घालू नका, बस.

आता आपल्या घराचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, नाले आटतात. तेव्हा साप पाण्याच्या आणि गारव्याच्या मागानं मोरीत, माठाखाली, नळाच्या खड्ड्यात येतो. गळका नळ दुरुस्त करा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, माठ उंच तिवईवर ठेवा. गोवऱ्या आणि पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीला लागून रचू नका, काठीनं हलवल्याशिवाय त्यात हात घालू नका. शेताच्या दूरच्या बांधावर परातीएवढं उथळ भांडं पाण्यानं भरून ठेवलं तर पाखरांनाही होतं आणि सापालाही घराकडे यायचं कारण राहत नाही. केळीच्या बागेत असं भांडं ठेवणाऱ्या बायका रावेरकडे आम्ही पाहिल्यात.

घरात कात सापडली तर साप तिथून गेलेला असू शकतो किंवा जवळच असू शकतो. कात ओली, मऊ असेल तर ती ताजी समजा आणि मुलांना बाहेर काढा. तिजोरीत ठेवायला किंवा धुरी द्यायला ती उचलू नका. उचललीच तर हात साबणानं धुवा. साप दिसला तर लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्यावी, कारण मण्यार रात्री झोपेत चावते आणि कधी कधी चावल्याची खूणही दिसत नाही. चावलंच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथं विषावरची लस मोफत मिळते.

या पंचमीला आमच्या गटांनी ठरवलंय की पूजा मातीच्या नागाची किंवा पाटावर काढलेल्या चित्राची करायची, आणि टोपलीवाला आला तर टोपली उघडू द्यायची नाही. ज्या आजी ठासून बोलतात, त्यांनी एक प्रश्न विचारला, "मग वाटीतल्या दुधाचं काय करायचं?" त्याची खीर करून अंगणवाडीतल्या पोरांना वाटायची, असं बैठकीत ठरलं. साखर कोणी आणायची, ते अजून ठरायचंय.