पेंगणारा संगणक आणि तुटणारी जोडणी

संगणकावर काम चाललें आहे तोंवर बिनतारी जोडणी उत्तम राहते. परंतु पंधरा-वीस मिनिटें तो तसाच ठेवून परत यावें, तों ती नाहींशी झालेली! अर्धा भरलेला परीक्षेचा अर्ज अशा वेळीं वायां जातो. मग दोष राउटरवर येतो व कित्येक घरीं नवा राउटर विकत आणिला जातो. हा खर्च पुष्कळदां व्यर्थ ठरतो.

वाय-फायचे नियम १९९७ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले, त्यांतच वीज वांचविण्याची एक युक्ति योजिलेली आहे. संगणकांतील वाय-फायचा भाग, ज्यास अ‍ॅडॅप्टर म्हणतात, तो काम नसतां डुलकी घेतो. तेवढ्या वेळांत राउटर त्याच्या नांवचा मजकूर जपून ठेवितो, आणि सेकंदास सुमारें दहा वेळां हांक देऊन कोणाकोणाचें टपाल पडून आहे तें कळवितो. अ‍ॅडॅप्टर ती हांक ऐकण्यापुरता जागा होतो. (वर्गांत पेंगणाऱ्या मित्रांनीं हा दाखला आपल्या बचावास घेऊं नये!) ही डुलकी निरुपद्रवी होय. परंतु विंडोज प्रणालीस या भागाची वीज अजिबात तोडण्याचीहि मुभा असते. आणि त्यास चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, सदोष असल्यास तो पुन्हां नीट उठत नाहीं.

तेव्हां जोडणी तुटतांच प्रथम घरांतील मोबाइल पाहावा. त्याची जोडणी शाबूत असल्यास राउटरला बोल लावूं नये. संपूर्ण संगणकच निजला असेल, तर जोडणी तुटणें साहजिक आहे. त्याच्या निजण्याची मुदत वाढवावी म्हणजे झालें. चार्जर लाविला असतां जोडणी टिकते व बॅटरीवर तुटते असें दिसल्यास विजेच्या काटकसरीवरील संशय बळावतो.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स या सदराखालीं वाय-फायचें नांव शोधावें. त्याच्या प्रॉपर्टीजमध्यें पॉवर मॅनेजमेंट हें पान असतें. वीज वांचविण्यासाठीं हें साधन बंद करण्याची संगणकास परवानगी देणारी ओळ तेथें आहे. तिच्यापुढील खूण काढावी. बॅटरी किंचित लौकर उतरेल, इतकेंच. कित्येक नव्या लॅपटॉपांत हें पान दिसत नाहीं. तेथें संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नमुन्याचा नवा ड्रायव्हर घ्यावा. मात्र तो हातीं येईपर्यंत जुना काढूं नये, नाहींतर जोडणीवांचून नवा आणणार कोठून?